गिअर नॉब अडकलाय? आधी खाली वाकून बघा

गाडीचा गिअर नॉब निघत नसेल तर काय करायचं, याचा एक ‘हमखास उपाय’ सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. सांगणं असं: सगळे नॉब आट्यांवरच बसवलेले असतात, खालून डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) भरपूर मारा, दहा मिनिटं थांबा, लायटरने शेकवा, पक्कड लावून फिरवा, आणि तरीही हलला नाही तर सरळ वर उपटा. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोक फसतात.

पहिलंच वाक्य घ्या. सगळे नॉब आट्यांवर नसतात. होंडा, टोयोटा यांच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत असतात, हे खरं. पण बीएमडब्ल्यूच्या मॅन्युअल गाड्यांत नॉब दांड्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. तो जन्मभर फिरवलात तरी उतरणार नाही. फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत नॉब आणि खालचं चामडी कव्हर जोडलेलं असतं आणि आत एक पत्र्याची क्लॅम्प दांड्याला आवळलेली असते. ऑटोमॅटिकमध्ये तर बटण, स्प्रिंग, कधी वायरी, आणि कॉलरखाली लपलेला स्क्रू किंवा क्लिप. मॅन्युअलमध्येही कुठे बाजूने ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) असतो, कुठे खालून चेक नट, म्हणजे नॉबला खालून आवळून धरणारा नट. रिव्हर्ससाठी उचलायची रिंग असेल तर तिची जोडणी आधी सोडवावी लागते. मी स्वतः एकदा अर्धा तास नॉबशी झटापट केली, हात लाल झाले, आणि मग कव्हर वर सरकवलं तर खाली चेक नट निवांत बसलेला. नॉब अडकलेला नव्हताच, बांधलेला होता. त्यामुळे कव्हर उचलून टॉर्च मारणं हे पहिलं काम. ‘अडकलेले’ कितीतरी नॉब तिथेच सुटतात.

आता स्प्रे. नॉबचं भोक वरून बंद आणि तोंड खाली. खालून मारलेला द्रव दांड्यावरून ओघळून कव्हरवर आणि कन्सोलच्या आत जातो. आट्यांपर्यंत चढतो तो फार थोडा. डब्ल्यूडी या अक्षरांचा अर्थच मुळी पाणी हटवणं असा आहे. १९५३ साली बनलेलं हे मिश्रण गंजाला चांगलं आहे, पण गाडीच्या आत, छपराखाली, आट्यांना गंज चढण्याचा प्रश्न तसा कमीच. नॉब सहसा अडकतो तो कुणीतरी आधी थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) लावून घट्ट केल्यामुळे, आणि वाळलेला थ्रेडलॉकर तेलाला दाद देत नाही. वर नॉब तेलकट होऊन हातातून सटकतो, तो वेगळाच. खरोखर गंज दिसत असेल तर कापूस भिजवून सांध्याभोवती गुंडाळा आणि रात्रभर ठेवा, बास.

लायटरचं वाक्य मात्र सरळ धोक्याचं आहे. पेट घेणारा द्रव फवारायचा आणि लगेच बंद केबिनमध्ये ज्योत धरायची! उष्णतेमागचं तत्त्व बरोबर आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून ॲल्युमिनियमचा नॉब तापवला की आत पोलादी दांड्यावरची पकड सैल होते. त्यासाठी केस वाळवायचा ड्रायर पुरतो. काही मिनिटं नॉबवर धरा आणि गरम असतानाच जाड हातमोजा घालून फिरवा. निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर तसाही हातातल्या हत्यारांनी सुटतो. लाल असेल तर तो सुटायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आणि ते केबिनमध्ये प्लॅस्टिक-चामड्याशेजारी करायचं काम नाही. प्लॅस्टिकचा किंवा चामड्याचा नॉब असेल तर ड्रायरसुद्धा जपून.

पक्कडीने नॉबवर दात उमटतात हे दिसतंच, पण खरं नुकसान खाली होतं. नुसता नॉब पिळला की सगळा पीळ दांड्यातून खालच्या सांध्यावर आणि प्लॅस्टिकच्या बुशांवर जातो. म्हणून दांडा एका हत्याराने धरायचा: सपाट बाजू असेल तर पाना, नसेल तर रबराचा तुकडा गुंडाळून ग्रिप प्लायर. आणि नॉब फिरवायला ऑईल फिल्टरचा पट्ट्याचा पाना. वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशा. ‘उलटे आटे’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खाली वाकून बघणाऱ्याला दिशा उलटी दिसते, एवढंच. एकदम झटका देण्याआधी किंचित आवळून मग सोडवून बघा, पुष्कळदा तेवढ्याने चिकटलेले आटे मोकळे होतात. नॉब फिरतोय पण वर येत नाही, असं झालं तर आतला धातूचा इन्सर्ट, म्हणजे नॉबमध्ये बसवलेली आट्यांची नळी, सुटलाय. मग नॉब गेलाच समजा: फिरवत वर ओढून काढा आणि दांड्यावर राहिलेल्या इन्सर्टला लावा ती पक्कड. तिची पाळी इथे येते.

उपटणं हे फक्त दाबून बसवलेल्या नॉबसाठी. तिथेही तोंड बाजूला ठेवा, कारण तो सुटतो तेव्हा मूठ थेट हनुवटीकडे येते.

काहीच जमलं नाही तर हॅक्सॉने नॉबला दोन बाजूंनी उभ्या चिरा द्यायच्या, आटे लागायच्या आत थांबायचं आणि स्क्रू ड्रायव्हरने फाकवायचा. नवा घेताना आटे मोजून घ्या: होंडात बहुधा एम १० × १.५ (म्हणजे १० मिमी जाडी, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर), टोयोटात बहुधा एम १२ × १.२५. आणि बसवताना थ्रेडलॉकर नको. हाताने घट्ट करून खालून चेक नट लावला की पुरे.