ऋत वसुलीला येत नाही

मावशीची तिसरी केमो झाली त्याच संध्याकाळी कुणीतरी तिला ‘ऋताचा अटळ नियम’ पाठवला. तिने तो मला पुढे ढकलला, खाली एवढंच: ‘हे खरं असेल का गं?’ एरवी असल्या मेसेजांना मी हातही लावत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: वेदांतलं ऋत, म्हणजे विश्व चालवणारा सत्याचा नियम, कुणालाच माफ करत नाही, आजचं दुखणं ही मागल्या जन्मीच्या पापांची वसुली. शिवाय इंग्रजी ‘राइट’ (right, बरोबर) ऋतातूनच आला, आणि ऋत म्हणजेच गुरुत्वाकर्षण.

ऋग्वेदात ऋताचा राखणदार वरुण. सातव्या मंडलातलं ८६वं सूक्त उघडा. वसिष्ठ त्याला थेट विचारतो, माझा असा कोणता मोठा अपराध, की तू स्तुती करणाऱ्या मित्रालाच मारायला निघालास? मग स्वतःच कारणं सांगतो: सुरा, मन्यु, विभीदक, अचित्ति. म्हणजे दारू, राग, जुगाराचे फासे, बेसावधपणा. सगळी याच जन्मातली. वाडवडिलांच्या अपराधांतूनही सोडव म्हणतो. स्वतःच्या मागल्या जन्माचा मात्र उल्लेख नाही. आणि मागणं काय, तर दाव्याचं वासरू सोडावं तसं मला सोड. माफी नसतीच तर हे सूक्त रचलं कशाला?

वरुणाचे पाश आणि आजार यांचं नातं वेदांत आहे, हे मान्य करावं लागतं. ८९वं सूक्त परंपरेने जलोदराशी जोडलं जातं. पण तिथलंही पालुपद ‘मृळा सुक्षत्र मृळय’, दया कर, असंच आहे.

कर्माप्रमाणे गती हा विचार उघडपणे येतो तो उपनिषदांत. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग हा याज्ञवल्क्य ऋषींना माणूस मेल्यावर त्याचं काय होतं ते विचारतो, तेव्हा याज्ञवल्क्य ‘हे चारचौघांत बोलायचं नाही’ म्हणत त्याला बाजूला नेतो. त्याने चारचौघांत टाळलं, यांनी ग्रुपवर टाकलं. तेही आजारी बाईला.

‘राइट’चं नातं ऋजु, म्हणजे सरळ, या शब्दाशी, ऋताशी नाही. ऋतू आणि ऋत यांचा धातू एकच, हे मेसेजमधलं वाक्य तेवढं बरोबर. पहिल्या मंडलात बारा आऱ्यांचं ऋताचं चक्र आहेच. गुरुत्वाकर्षणाचं काय बोलावं? ऋताच्या उलट अनृत, म्हणजे खोटं. खोटं बोलल्याने गुरुत्वाकर्षण कधी मोडलंय?

मावशीला उत्तर म्हणून मी फक्त ती वासराची ऋचा पाठवली.