नावे बदला, खेळ विका

पुण्यातल्या माझ्या कॉलेजमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सध्या एकच वाद पेटला आहे. पुण्यातल्या काही तरुणांनी इंग्रज लेखक टॉल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवर बेतलेला पटावरचा खेळ विनापरवाना छापून विकायला काढला आहे. त्याला कोणी चोरी म्हटले की मंडळी तुटून पडतात: लेखक 1973 मध्येच गेला, आता हक्क कसले? आणि रामायणावर खेळ काढताना आपण वाल्मीकींच्या वारसांना विचारतो का?

वाल्मीकींना मध्ये ओढले की माझे डोके फिरते. लेखनाचा हा हक्क (कॉपीराइट) भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, म्हणजे 2033 अखेरपर्यंत आहे; ब्रिटनमध्ये 2043 अखेरपर्यंत. शिवाय त्यातून वाट काढता येते. 1974 साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात टॉल्कीनचे हॉबिट (बुटकी माणसे) आणि एंट (चालती-बोलती झाडे) बिनदिक्कत वावरत होते. 1977 च्या सुमारास हक्कधारक कंपनीने हरकत घेतली, तेव्हा हॉबिटचा हाफलिंग झाला, एंटचा ट्रीएंट झाला आणि खेळ जोमाने चालतच राहिला. कारण फासे कसे टाकायचे, चाल कशी मोजायची यावर कोणाची मालकी नसते, ती नावांवर, पात्रांवर आणि चित्रांवर असते. एवढे कष्ट पुण्यात कोणाला का घ्यावेसे वाटत नाहीत?

मी बर्मिंगहॅममध्ये, टॉल्कीनचे बालपण ज्या परिसरात गेले त्या सेअरहोल मिलजवळ राहतो, आणि इथे असे खपवून घेत नाहीत, हे गटावर ठणकावून सांगतो. साउदॅम्प्टनच्या 'द हॉबिट' या पबला 2012 मध्ये हक्कधारकांनी नावावरून कारवाईची धमकी दिली होती, तेव्हा स्टीफन फ्राय आणि इयन मॅकेलन या अभिनेत्यांनी परवान्याचे पैसे स्वतः भरायची तयारी दाखवली होती, हे मात्र मी तिथे लिहिलेले नाही. आयते कोलीत कोण देईल?

आमच्या गुरुवारच्या खेळाच्या बैठकीत एका गृहस्थांकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची जुनी तपकिरी पुस्तिका आहे, नावे बदलण्यापूर्वीची. ती ते प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढतात, 'हॉबिट' हा शब्द असलेले पान उघडतात आणि आम्ही चहाचे मग दूर सारून ते पाहतो. परवान्याशिवाय छापलेल्या त्या शब्दामुळेच तिचा भाव चढा आहे. त्याच टेबलावर मी पुण्याचा खेळ ठेवला, तर कौतुकाआधी मला त्याचा परवाना विचारला जाईल. कोणी वाईट हेतूने विचारणार नाही, पण विचारतील मलाच. इतकी वर्षे इथे राहून, कर भरून, पावसाबद्दल त्यांच्याइतकेच कुरकुरायला शिकूनही तो प्रश्न त्या गृहस्थांना कोणी विचारत नाही आणि मला विचारेल, याची मला खात्री आहे. गटावर मी कायद्याची कलमे फेकतो त्यामागे ही धास्तीही आहे. पुण्यात, आपल्याच माणसांत बसून खेळणाऱ्यांना ती असण्याचे कारण नाही. तरीही त्या तरुणांना मी हेच कळवले आहे की नावे बदलावीत, चित्रे नवी काढावीत आणि मग माझ्यासाठी एक प्रत पूर्ण किमतीला बाजूला ठेवावी.