लॅपटॉपला हुमणी

काल लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी अगदी काळजीने विचारलं, "तुमच्या लॅपटॉपला अळी लागली होती म्हणे? आता बरा आहे ना?" मी नुसता हसलो. अजून दोघं लिफ्टमध्ये होते आणि तळमजला यायला दोन मजले बाकी होते.

झालं असं की माझ्या बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवर दोन लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) होते, एक वापरातलं आणि एक हौसेचं. शनिवारी दुपारी जेवून सुस्तावलेलो असताना हौसेच्या लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा कप्पा, उडवलं, वीस जीबी मोकळे झाले म्हणून खूश झालो, रीस्टार्ट मारला आणि काळ्या स्क्रीनवर 'एरर: नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. ग्रब म्हणजे लिनक्सला झोपेतून उठवणारा बूटलोडर. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) ५१२ बाईटचा, त्यातले ४४६ या बिचाऱ्याच्या वाट्याला, म्हणजे चाळीतल्या खोलीत मोरीजवळची जागा. त्यामुळे तो मोजकंच सामान तिथे नि त्याच्या शेजारी ठेवतो, बाकी सगळा संसार एखाद्या पार्टिशनमध्ये. आणि तो संसार कुठे होता? बरोबर, जे मी आत्ताच उडवलं त्यात.

रेस्क्यूमध्ये मी 'हेल्प' टाईप केलं. उत्तर आलं, अननोन कमांड हेल्प. आता ज्याने कोणी हे रेस्क्यू नाव ठेवलं त्याला मला एकदा भेटायचंय. बुडत्याने हात वर केला तर काठावरचा म्हणतो, हात म्हणजे काय? तिथे चालतात फक्त चार कमांड: एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड. टॅब दाबून नावं पूर्ण होत नाहीत, सगळं कंसासकट हाताने लिहा.

दुरुस्तीला पेनड्राईव्ह लागणार हे दिसत होतं. ऑफिसच्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बंद, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका कृषी खात्यातून रिटायर झालेले. "पेनड्राईव्ह देतो, पण आधी बघू तरी काय झालंय," म्हणत चपला घालून वर आलेच. चष्मा कपाळावरून खाली घेतला, स्क्रीन वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, ही तर हुमणी!"

"काय?"

"ग्रब. व्हाईट ग्रब म्हणजे हुमणी, मातीतली अळी. तीस वर्षं तेच केलंय मी. उसाच्या मुळ्या खाते, वरून ऊस हिरवागार दिसतो आणि एक दिवस पिवळा पडतो, ओढला की सरळ हातात येतो. तुझा डेटा सगळा आत आहे म्हणतोस ना?"

"हो, आहे."

"पण उठत नाही."

"नाही."

"मग? मुळं खाल्ली."

यावर काय बोलणार, निदान बरोबर होतं. मी एलएस मारलं, तीन पार्टिशन दिसली. पहिल्यात 'अननोन फाईलसिस्टीम', दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात आपलं लिनक्स सापडलं. मग 'सेट रूट' लिहायला घेतलं तर काका मागून ओरडलेच, "बघ, रूट! मी काय म्हणालो?" बायको चहा घेऊन आली तर तिलाही ऐकवलं, की वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर येतात, रात्री प्रकाश सापळा लावायचा आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवायचे. बायकोने लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे. रॉकेल आता मिळत नाही एवढंच ती म्हणाली.

मग ग्रबचं 'नॉर्मल' मॉड्यूल, म्हणजे त्याचा एक सुटा भाग, चढवायला मी 'इन्समॉड नॉर्मल' मारलं. सिंबल नॉट फाउंड. सेक्टरमध्ये उरलेला ग्रब उडवलेल्या लिनक्सचा, मॉड्यूल वापरातल्याची, दोघांचं पटेना. काका म्हणाले, "नॉर्मल टाईप करून कोणी नॉर्मल होतं का? मुळात औषध टाक."

औषध म्हणजे काकांचा सोळा जीबीचा पेनड्राईव्ह, ज्यात त्यांच्या गाडीतली गाणी. ती आधी त्यांच्याच कॉम्प्युटरवर कॉपी केली, मग पेनड्राईव्ह पुसून त्यावर लाईव्ह लिनक्स चढवलं, लॅपटॉप त्यावरून सुरू केला, पार्टिशन माउंट केलं आणि ग्रब-इन्स्टॉल, मात्र पार्टिशनवर नाही, अख्ख्या डिस्कवर. 'इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड.' ही एक ओळ. पेनड्राईव्ह काढला, रीस्टार्ट, अपडेट-ग्रब, झालं. खरं काम दहा मिनिटांचं, त्यासाठी अख्खा शनिवार आणि उसाची मशागत. आणि सोसायटीत बातमी काय, तर सॉफ्टवेअरवाल्याचा लॅपटॉप कृषी खात्याने वाचवला.

गाणी मी प्रामाणिकपणे परत भरली, सगळी एकशे चाळीस. पण गाडीतला स्टिरिओ गाणी ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतो हे मला कुठे माहीत. काकांच्या गाडीत सकाळी भूपाळी लागायची, आता किल्ली फिरवली की लावणी, आणि शेजारी काकू बसलेल्या. काल रात्री साडेनऊला बेल वाजली. हातात पेनड्राईव्ह आणि फुलस्केपवर लिहिलेली यादी, एक ते एकशे चाळीस.

"सावकाश कर," म्हणाले, आणि सोफ्यावर बसले.