‘चहा-खारीने कुणाचं लिव्हर जात नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

गेल्या आठवड्यात मी कारखान्यातला चहा आणि फॅटी लिव्हर यांवर लिहिलं होतं. सूज वाढवणारं खाणं आणि यकृतात साठणारी चरबी यांचा संबंध काय, असा तो लेख होता. त्याखाली ‘एक अभ्यासू वाचक’ अशी सही करून तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या मते ‘दाह’ (म्हणजे शरीराच्या आतली सूज) हा लोकांना घाबरवायचा नवा शब्द आहे, खरा प्रश्न वजनाचा आहे. कुठला आहार दाह किती वाढवतो किंवा कमी करतो हे मोजणारा निर्देशांक अमेरिकेत बनला, तो आपल्याला लागू नाही. त्यावरचे अभ्यास नुसता संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. त्या निर्देशांकाचं साल मी चुकवलं. तुम्ही स्वतः रोज हळदीची कॅप्सूल घेता आणि ठणठणीत आहात. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्याच ओळीत: ‘चहा-खारीने कुणाचं लिव्हर जात नाही. ताई, स्वयंपाकघरातून जरा बाहेर या आणि अभ्यास करा.’

चार दिवस मी उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. तो अजून गेलेला नाही, पण आता लिहिते.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. निर्देशांक २०१४ साली तयार झाला असं मी लिहिलं होतं. पहिली आवृत्ती २००९ची, २०१४ साली आली ती सुधारलेली. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ती पहिली ओळ.

‘ताई’ म्हटल्याचं मला वाईट वाटलेलं नाही. भोसरीच्या एका कारखान्यात मी १९ वर्षं कॅन्टीन सुपरवायझर होते. मशीन शॉपमधली पोरं मला ताईच म्हणायची, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना बरं वाटायचं. तुम्ही तो शब्द मला दटावायला वापरलात. आणि स्वयंपाकघरातून बाहेर कशाला यायचं, हे मला खरंच कळलेलं नाही. माणसाच्या पोटात काय जातं हे स्वयंपाकघरात नाही कळणार तर कुठे कळणार? तीन पाळ्यांना मिळून आठशे माणसांचं खाणं माझ्या हाताखालून जायचं. साखर किती उतरली, वनस्पती तुपाचा डबा किती दिवसांत संपला, वड्यांच्या कढईतलं तेल कधी बदललं, सगळं माझ्या वहीत असायचं. तुम्ही अभ्यास म्हणता, तो मी रोज सकाळी साडेपाचला स्टोअरची कुलपं उघडून केला आहे.

आमच्याकडे शंभर कप चहाला एक किलो साखर, हे प्रमाण ठरलेलं होतं. भट्टीमागच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं असायचं. म्हणजे एका कपात दहा ग्रॅम. पाळीतला माणूस चार कप सहज घ्यायचा, घरी दोन-तीन वेगळे. सात कप धरा, सत्तर ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. सत्तर ग्रॅमने वर्षाला पंचवीस किलो होते. अर्धं पोतं साखर, एका माणसाच्या पोटात, आणि ती पण नुसत्या चहातून. त्यात कुणी गोडधोड खाल्लेलं नाही. ‘मी गोड खात नाही’ असं सांगणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे.

हा हिशेब मी ज्याच्यासाठी केला तो माणूस माझ्या घरातला. माझे यजमान त्याच कारखान्यात होते. २०१३ साली वार्षिक तपासणीत त्यांच्या सोनोग्राफीत ग्रेड २, म्हणजे मध्यम, फॅटी लिव्हर आलं. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, ८२. वय ४४, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६३ किलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मान वर न करता विचारलं, ‘रोज किती घेता?’ हे म्हणाले, ‘घेत नाही.’ डॉक्टर म्हणाले, ‘मिसेस बाहेर बसतील हवं तर.’ तेव्हा ह्यांनी काही न बोलता शर्टाचं वरचं बटण काढून गळ्यातली तुळशीची माळ बाहेर ओढली. आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. दारू नाही, मांस-मच्छी नाही, अंडं नाही. डॉक्टर चांगले होते, ते वरमले. पण बातमी खात्यात गेली आणि पुढे दोन महिने लोक ह्यांना बाजूला घेऊन विचारायचे, ‘खरं सांगा, घेता ना?’ न पिणाऱ्या माणसावर हा शिक्का कसा बसतो ते मी पाहिलंय. म्हणून ‘चहा-खारीने लिव्हर जात नाही’ हे वाक्य मला नुसतं मत म्हणून वाचता येत नाही. चहा-खारीने नाही, मग कशाने गेलं असतं ह्यांचं? सांगा ना.

खारीचंही सांगते. त्या रात्री मी ह्यांच्या रोजच्या चार खाऱ्या वर्तमानपत्रावर ठेवल्या. सकाळी उचलल्या तर खालची पानं पारदर्शक झाली होती, चौथ्या पानावरची अक्षरं पहिल्या पानातून वाचता येत होती. ती तेव्हाची वनस्पती तुपातली खारी. अशा तुपात ट्रान्स फॅट नावाची घातक चरबी असायची. तेला-तुपातलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर जाऊ नये हा नियम आपल्याकडे जानेवारी २०२२मध्ये लागू झाला. २०१३ साली तो नव्हता. शिवाय संध्याकाळचा वडा, आणि वड्याचं तेल काळं होईस्तोवर तेच. तळणाच्या तेलाला कायद्याने मर्यादा आली तीही २०१८मध्ये. त्या कढयांवर माझ्याच सह्या आहेत. त्याचं ओझं मी अजून वागवते, म्हणून तर हा ब्लॉग लिहिते.

एवढं खाऊन माणूस जाड का झाला नाही, असं तुम्ही विचाराल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी याचं उत्तर २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका फोटोने दिलं. फोटोत ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एक, २२.३. एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, दुसऱ्याच्या २१.२ टक्के. जास्तवाला भारतीय. ह्यांचा बीएमआय तेव्हा जवळजवळ तेवढाच होता. हातपाय काटकुळे, आणि चरबी पोटाच्या आत. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८०च्या वर गेली की सावध व्हावं, मग वजनकाटा काहीही म्हणो.

साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्याचा मोठा वाटा यकृतावर येऊन पडतो आणि रोजच जास्त झाला की तिथे त्याची चरबी बनते. यकृताच्या शंभरातल्या पाचाहून जास्त पेशींत चरबी दिसली की ते फॅटी लिव्हर. काही जणांत प्रकरण तिथेच थांबतं, काहींत पेशी चिडतात, सुजतात, आणि वर्षानुवर्षं सूज राहिली की त्या जागी व्रणासारखा कडक भाग तयार होतो. शेवटी सिरॉसिस. तुम्ही ‘दाह’ शब्दाला नावं ठेवलीत. अहो, आपल्याकडचा कुठलाही डॉक्टर पेशंटला काय म्हणतो? ‘लिव्हरला जरा सूज आहे.’ घराघरात हाच शब्द आहे. मी तो पुस्तकी मराठीत लिहिला एवढंच. पित्ताची जळजळ वेगळी आणि ही सूज वेगळी, हेही मूळ लेखात स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

आता बाकीचे मुद्दे. त्यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही.

वजन. फिनलंडमध्ये काही स्थूल लोकांना तीन आठवडे रोज हजार कॅलरी जास्त दिल्या. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना त्या लोणी, चीज, खोबरेल यांतून मिळाल्या त्यांच्या यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली. साखरेतून मिळाल्या त्यांची ३३ टक्क्यांनी, आणि ऑलिव्ह तेल, सुकामेवा यांतून मिळाल्या त्यांची १५ टक्क्यांनी. जास्तीच्या कॅलरी सगळ्यांना सारख्याच होत्या. तेव्हा काय खाल्लं याला अर्थ आहे. ह्यांनी चहा दोन कपांवर आणला, बिनसाखरेचा. खारी बंद केली, वडा बंद केला. सकाळी मोड आलेल्या मुगाची उसळ, रात्री ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, आणि जेवणानंतर चालणं. आठ महिन्यांनी एसजीपीटी ३७, सोनोग्राफीत ग्रेड १. दोन वर्षांनी सोनोग्राफी नॉर्मल. हो, वजनही चार किलो उतरलं, आणि तुम्ही आता तेच धरून बसाल. बसा. ते चार किलो काय सोडल्याने उतरले, तेही मग सांगा.

निर्देशांक अमेरिकेचा. साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा आहे, मान्य. पण त्याच्या ४५ घटकांच्या यादीत हळद आहे, आलं, लसूण, कांदा आहे. या चारही गोष्टी त्यात सूज कमी करणाऱ्या बाजूला मोजल्या आहेत. यादी न बघता ‘आपल्याला लागू नाही’ म्हणणं सोपं आहे. संबंध आणि कारण यांतला फरक मला कळतो, त्यासाठी मला शिकवणी नको. माणसांना वीस वर्षं मुद्दाम वनस्पती तूप खायला घालून कुणी प्रयोग करणार नाही. सिद्ध होईपर्यंत खारी खात राहा, असं मी माझ्या वाचकांना सांगू शकत नाही.

तुमच्या कॅप्सूलबद्दल मात्र गप्प बसता येत नाही, कारण ते वाचून उद्या दुसरं कुणी सुरू करेल. स्वयंपाकातली चमचाभर हळद वेगळी आणि ती कॅप्सूल वेगळी. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, आणि तो अंगात जास्त शोषला जावा म्हणून बऱ्याचदा मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो. अशा कॅप्सूलींनी यकृताला इजा झालेले, कावीळ झालेले रुग्ण अमेरिकेत आणि इटलीत नोंदले गेले आहेत. मुंबईत २०२०च्या शेवटी गुळवेल घेणाऱ्यांमध्येही यकृताची इजा डॉक्टरांनी नोंदवली. तुम्ही ठणठणीत असाल, आनंद आहे. एकदा एसजीपीटी करून बघा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

या देशातल्या प्रौढांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०२२मध्ये आलं. त्यात फॅटी लिव्हरचं प्रमाण ३८.६ टक्के निघालं. केंद्र सरकारने २०२१मध्ये हा आजार मधुमेह-कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या घरात असा रिपोर्ट कपाटात पडून असेल, आणि ‘आम्ही तर घेत नाही’ म्हणून कुणी तो उघडतही नसेल. मी त्यांच्यासाठी लिहिते. तुम्हाला ते स्वयंपाकघरातलं वाटलं, असो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पुन्हा लिहाल तेव्हा खऱ्या नावाने लिहा, मग सविस्तर बोलू. खाली इचलकरंजीच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे की यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या नवऱ्याला पहाटे चारला भूक लागते, तेव्हा खारीऐवजी डब्यात काय द्यावं. त्यांना आता उत्तर लिहायला घेते.