पाहण्याचा कार्यक्रम, फक्त तिला न सांगता

यंदा कोजागिरीला आमच्या गावच्या समाजमंदिरात ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हा चित्रपट दाखवण्यात आला. बेत खरा उघड्यावर दाखवण्याचा होता, परंतु पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यात पडद्यावरची माणसे फिकट दिसू लागली. म्हणून पडदा आत न्यावा लागला, आणि आटवायला ठेवलेले दुधाचे गंज तेवढे बाहेर राहिले. दुसऱ्या दिवसापासून हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाच्या कापणीला गेलेल्या बायकांमध्ये या चित्रपटावरून जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. त्या वादात मीही ओढली गेले असल्यामुळे हे लिहीत आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सतीश राजवाडे यांचा हा चित्रपट 2010 सालचा. मुंबईची एक मुलगी आईच्या आग्रहामुळे एका स्थळाला भेटायला पुण्यात येते, आणि नकार द्यायचे मनाशी ठरवूनच येते. तिथे एक मुलगा भेटतो, दोघे दिवसभर पुण्यात फिरतात, मुंबई चांगली की पुणे चांगले यावरून भांडतात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांना आवडू लागतात. मुक्ता बर्वे आणि स्वप्निल जोशी यांच्या पात्रांना या भागात नावेसुद्धा नाहीत. शेवटी कळते की ज्याला ती नाकारायला आली होती, तो मुलगा हाच. इतक्या जुन्या चित्रपटाचा शेवट सांगितल्याचा दोष मला लागू नये.

पुरुषांचे मत लवकर आटोपते. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातली, नाटके सुरू होतात, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या मंडळींचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपते. त्यात रडणे, लावणी, विनोदी पात्र आणि खलनायक असे सगळेच असावे लागते. अशा नाटकांवर वाढलेल्या आमच्या चुलत सासऱ्यांचे म्हणणे एवढेच की, “दोघंच जण बोलून रायले, अन् बोलूनच रायले. भांडण नाही, मारामारी नाही, मंग पायाचं काय?” पुणेरी पाट्या आणि मुंबईची लोकल यांवरच्या विनोदांना मागच्या रांगेतून हसू आलेच नाही, आणि त्यात प्रेक्षकांचा काही दोष आहे असे मला वाटत नाही. ज्या दोन शहरांपैकी एकातही आपले कोणी राहत नाही, त्यांच्या भांडणात बाजू तरी कोणाची घ्यायची?

बायकांचा वाद मात्र त्या शेवटावर अडला. सुरुवात माझ्या जाऊबाईंनी केली. त्यांचे म्हणणे असे की, तो मुलगा दिवसभर तिला जवळून पाहतो, तिचा राग, तिचे हसणे, तिच्या मनातले स्थळाबद्दलचे सगळे ऐकून घेतो, आणि आपण कोण आहोत हे मात्र सांगत नाही. म्हणजे हा पाहण्याचाच कार्यक्रम झाला, फक्त मुलीला न सांगता केलेला. “आपल्याले निदान समजते तं, की आज पावणे येऊन रायले. डोक्यावर पदर तरी घेतो आपण,” हे त्यांचे वाक्य ऐकून बांधीत विळे थांबले होते.

त्यावर शेजारच्या बारावीतल्या मुलीने उलट सवाल केला. तो कोण हे तिला आधीच कळले असते तर ती इतकी मोकळी बोलली असती का? खाली मान घालून दोन उत्तरे दिली असती, नकार कळवला असता आणि दुपारच्या गाडीने परत गेली असती. शिवाय त्या दिवसात तिनेही त्याला पाहिलेच की, आणि तेही इस्त्रीचा सदरा घालून दिवाणावर बसलेला नव्हे, तर रस्त्यावर, चालता-बोलता. आजींनी दोघींनाही गप्प केले: “मले तं अंतरपाट सरल्यावरच दिसला नवरा. तुमचं चालू द्या.”

माझे स्वतःचे मत लगेच ठरले नाही, आणि त्याचे कारण घरगुती आहे. मला साक्षगंधाआधी चार ठिकाणचे लोक पाहून गेले. चहा-चिवड्याचा ट्रे घेऊन मी बाहेर यायचे, पाटावर बसायचे, आणि प्रश्न ठरलेले असायचे: शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, आणि एका ठिकाणी तर बीएड झालेल्या मला विचारले गेले की रोवणीला चिखलात उतरता येईल का. त्या चार मुलांपैकी एकाचाही आवाज मला आज आठवत नाही, कारण प्रश्न त्यांचे मामा आणि काका विचारत होते. त्यामुळे हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या मुलीचा हेवाच वाटला होता. दिवसभर कोणी हिशेब विचारत नाही, शेवटची एसटी चुकेल म्हणून जीव टांगणीला लागत नाही, आणि मुलगा स्वतःच्या तोंडाने बोलतो, याहून अधिक काय हवे?

आता मात्र जाऊबाईंचे म्हणणे मला पटते, निदान निम्मे तरी. गंमत म्हणून तासभर लपवणे मी समजू शकते. पण ती त्या स्थळाविषयी मन मोकळे करीत असताना त्याने तोंड उघडायला हवे होते. तिथून पुढे ती हरलेलीच आहे, फक्त तिला ते ठाऊक नाही. प्रेक्षक म्हणून आपण हसतो, कारण दोघे गोड बोलतात आणि अभिनय उत्तम आहे. तेच जर आपल्या पोरीसोबत झाले असते तर किती जण हसले असते, हे मी कापणीत विचारले, तेव्हा बारावीतली ती मुलगीसुद्धा जराशी अडखळली. मग म्हणाली, “पण काकू, तिले आवडला ना तो शेवटी.” हेही खोटे नाही.

भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान निघाले की 2015 साली आलेला दुसरा भाग दाखवायचे मंडळाने ठरवले आहे. त्यात या दोघांना नावे आहेत आणि त्यांच्या लग्नाची गोष्ट आहे. चुलत सासऱ्यांनी, त्या दिवशी नाटक असेल तर आपण येणार नाही, असे आत्ताच कळवले आहे. जाऊबाई येणार आहेत, पण त्यांची अट एकच आहे: त्या मुलाने त्या दिवसाबद्दल माफी मागितली की नाही, हे मी त्यांना आधी पाहून सांगायचे.