फ्रोझन योगर्ट घेताना लेबल वाचा

एका लेखात वाचलं की फ्रोझन योगर्ट, म्हणजे आइस्क्रीमसारखं गोठवलेलं दही, आता शहरात कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. आमच्या जळगावात मागितलं की बऱ्याचदा 'फ्रोझन डेझर्ट'चा कप हातात ठेवतात. भाऊ, ते दह्याचं नसतं! त्यात दुधाच्या फॅटऐवजी बहुधा वनस्पती तेल असतं, आणि कपावर बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं. दुसरं, मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात लाइट गेली की माल वितळतो, आली की पुन्हा गोठतो. झाकणाखाली बर्फाचे खडे दिसले किंवा कप एका बाजूने खचलेला असला तर लगेच परत करा, लाजू नका. फ्रीजर उणे १८ अंशांवरच हवा. आणि इन्व्हर्टरवर फ्रीजर चालवणारा दुकानदार कुठे असेल तर मला जरूर कळवा.