बिंदू दिसला की मंडल म्हणायचं?

चित्रकार सय्यद हैदर रझांच्या कॅनव्हासवर काळा बिंदू दिसला रे दिसला की 'हे मंडल, हाच युंगचा स्व' असं लिहून मोकळं व्हायची सध्या साथ आहे. मंडल म्हणजे वर्तुळाकार आकृती; मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या मते ती 'स्व'चं, म्हणजे जाणीव आणि नेणीव (अजाण मन) मिळून होणाऱ्या पूर्ण मनाचं प्रतीक. मला हे पटत नाही. युंगला कुतूहल होतं ते आपसूक, न ठरवता उमटणाऱ्या मंडलांचं. रझांचा बिंदू १९८०च्या सुमारास स्थिरावला तो पुरता जाणतेपणी. शाळेत गुरुजींनी मन लागावं म्हणून भिंतीवर काढून दिलेला ठिपका आणि भारतीय दर्शनांचं वाचन, दोन्ही त्यामागे आहेत आणि दोन्ही रझांनी स्वतः सांगितली आहेत. अर्थ आधीच हाती असेल तर नेणिवेला शोधायचं कुठे?

चित्रकार तैयब मेहतांकडे मात्र चित्रात नेणीव शोधायची ही युंगची पद्धत खरंच कामाला येते. अट एकच, त्यांचं 'महिषासुर' हे चित्र एकटं उचलायचं नाही. युंग सुट्या स्वप्नापेक्षा स्वप्नांच्या मालिकेवर भरवसा ठेवायचा. चित्रांनाही तेच लावा. १९५६चा जखडलेला बैल बघा. मग १९७०चा 'कूडल' हा लघुपट, त्यातला वांद्र्याचा कत्तलखाना. मग नव्वदच्या दशकातला महिषासुर. चाळीस वर्षं तेच जनावर पिच्छा सोडत नाही! त्याखाली १९४७च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर डोळ्यांदेखत झालेली माणसाची हत्या आहे. आधी हा खासगी थर, मग देवीपुराण, आदिबंध, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात सारखीच असणारी आदिम प्रतिमा, सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केलात तर कुठल्याही बैलाला कुठलंही लेबल चिकटतं.

आता युंगच्या 'छाया' (माणूस स्वतःपासून लपवतो ती मनाची बाजू) या शब्दाला वजन येतं. पुराणातली देवी वध करते. इथे देवी आणि महिष असे गुंतलेत की कुठला अवयव कुणाचा, ते बोटाने माग काढत ठरवावं लागतं. मारणं चाललंय की मिठी? शिवाय १९५६मध्ये हेच जनावर बळी होतं. म्हणजे 'छाया म्हणजे आतला राक्षस' हे सोपं समीकरण इथे टिकत नाही.

मेहतांचे सपाट रंगपट्टे आणि १९६९पासूनची कर्णरेषा यांत मात्र लगेच दुभंगलेलं मन शोधू नका. १९६८मध्ये न्यूयॉर्कला पाहिलेल्या अमेरिकन अमूर्त चित्रकार बार्नेट न्यूमनच्या चित्रांचा त्यात मोठा वाटा आहे. रेषेवरून निदान करायचा मोह खुद्द युंगलाही आवरला नव्हता म्हणा: १९३२मध्ये झुरिकच्या वृत्तपत्रात त्याने पिकासोची चित्रं 'स्किझोफ्रेनिक' गटात टाकली, आणि गदारोळ झाल्यावर 'मी त्याला रोगी म्हटलेलं नाही' असा खुलासा जोडावा लागला.